पिल्लाचा मणका

टिक्.

स्टीलच्या ताटलीत खडा पडला आणि पूर्णिमाचा हात होता तिथेच थांबला.

दुपारची लाइट गेली होती. पंखे बंद पडले की या घरात असा सन्नाटा पसरतो, की ताटलीत मोहरी पडली तरी ओट्यावर कळावी. शेजारच्या खोलीत जाऊ लीला झोपली होती. तिचं घोरणं क्षणभर थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. बाहेर सासू आशाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या झोपल्यात की जाग्या आहेत, हे पूर्णिमाला लग्न होऊन आल्यापासून कधी ओळखता आलं नव्हतं. कोणी हाक मारली नाही. मग तिनं दाभण पुन्हा उचललं.

"पडला?" हिमानीनं कुजबुजत विचारलं. पाच वर्षांची ती पोर केळीचा क्रेट पालथा घालून त्यावर बसली होती, मांडीवर ताटली धरून. खडे झेलायचं काम तिचं होतं.

"पडला. हळू बोल."

"बडे पप्पा तर घरी नाहीत."

"तरी हळू."

मागच्या या खोलीत रिकाम्या क्रेटांची उतरंड होती, एक जळालेली मोटर होती आणि छताच्या कडीला गुंडाळून बांधलेला पाळणा होता. खाली एका क्रेटमध्ये गोधडीची घडी, घडीवर मलमलचं पांढरं दुपटं, आणि दुपट्यात तो मणका. नारळाएवढा. मधला भाग गोल, लाकडाच्या ओंडक्यासारखा. त्याच्या पाठीमागे अंगठा जाईल एवढं भोक. दोन्ही बाजूंना अर्धवट तुटलेले पंख, आणि वरचा काटा जिथून निघायचा तिथे नुसताच खुंट. रंग जुन्या गुळाच्या ढेपेचा. त्यावर जागोजागी चुनखडीचे खडे असे घट्ट बसले होते, जसे काही त्याच्यासोबतच जन्मले.

खड्याच्या कडेला दाभणाचं टोक टेकवायचं. दाबायचं नाही, नुसतं फिरवायचं. खडा आपण होऊन सुटेपर्यंत फिरवत राहायचं. मग बाळाच्या केसांच्या मऊ ब्रशनं धूळ झटकायची. ब्रश नवा होता. तो ज्याच्यासाठी आणला होता, त्याच्या डोक्यावर कधी फिरलाच नाही.

हे करताना पूर्णिमा नानांचा विचार करायची. नाना म्हणजे तिच्या नवऱ्याचे, नीलेशचे थोरले भाऊ नंदकुमार, तिचे जेठ, हिमानीचे बडे पप्पा. सगळ्या बहादरपुरात त्यांना नाना म्हणतात. दाभण फिरवता फिरवता तिच्या मनात नाना कधी घोड्यावरून पडायचे, कधी भर समाजाच्या पंगतीत त्यांचं धोतर सुटायचं. नाना घोड्यावर बसत नव्हते आणि पँट घालत होते. पण विचाराला काय.

मागच्या वर्षीची गोष्ट. केळीची कटाई चालू होती आणि पूर्णिमाला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. दारात पिकअप उभी होती, अर्धी भरलेली. ओट्याच्या खांबाला धरून ती स्वतः बोलली होती, "नाना, मला दवाखान्यात जावं लागेल. आत्ताच." नानांनी तिच्याकडे नीट पाहिलं होतं. म्हणाले होते, "एवढे घड चढू दे. मंडीत लिलाव निघून जाईल. पहिल्या वेळी बी असंच दुखलं होतं ना? संध्याकाळपर्यंत काही होत नसते." आणि पिकअप केळी घेऊन निघून गेली. नीलेश शहरातल्या शनवाऱ्यात मोटरच्या दुकानावर कामाला. त्याला फोन लागला, तो रिक्षा घेऊन आला, रिक्षा रेल्वेच्या फाटकात अडकली. दवाखान्याच्या खाटेवर तिला ठेवलं तेव्हा पोटातली हालचाल थांबलेली होती.

वॉर्डाच्या दाराबाहेर नातेवाईक जमले होते. त्यांना नाना सांगत होते, "मला काय मालूम? मला कोणी सांगितलंच नाही."

पूर्णिमानं ते आतून ऐकलं. दुसरं कोणी त्या वाक्यावर बोललं नाही. नीलेशही नाही.

तिला भांडता येत नव्हतं. घरी आल्यावर ती नानांच्या ताटात करपल्या बाजूची भाकरी वाढू लागली. त्यांच्या चहात साखर कमी घालू लागली. सदऱ्याचं पोटावरचं बटण असं शिवू लागली, की ते चारचौघांत बसल्यावरच तुटावं. एवढाच तिचा सूड. नाना भाकरी तशीच खायचे आणि म्हणायचे, "जरा खरपूस असली का चव येते."

बाळाला पुरुषांनी नाल्याच्या कडेला नेलं होतं. कुठे, ते तिला कोणी सांगितलं नाही. विचारलं तर नीलेश म्हणाला, "पलीकडं." म्हणून शेतात डबा पोचवून येताना ती सरळ रस्त्यानं न येता नाल्यानं यायची. पावसाळा सरता सरता नाल्याची दरड ढासळली, आणि एके दिवशी त्या पिवळ्या मातीतून हाड बाहेर आलेलं तिला दिसलं. तिनं डबा खाली ठेवला आणि वाकून बघितलं. मग दिसलं, हे तर केवढं मोठं आहे. बाळाच्या अंगात एवढं मोठं हाड कुठलं. ती तिथेच खाली बसली आणि डब्यातलं उरलेलं ताक पिऊन टाकलं.

दोन तुकडे होते. लहान तुकडा तिनं घरी आणून नळाखाली धरला, रताळं धुवावं तसा. बोटांमध्येच त्याचा चिखल झाला. मोठ्याला मग तिनं हात लावला नाही. कॉलेजात ज्यांनी प्राणिशास्त्र शिकवलं त्या सुमन मॅडमचा नंबर शोधून काढला.

"मॅडम, मी पूर्णिमा. सेकंड इयरला कॉलेज सोडलं बघा. माझ्या हातून बेडकाचा सांगाडा पडला होता..."

"अगं, ती तू! तो बेडूक अजून लंगडा आहे. बोल."

पूर्णिमानं फोटो पाठवले. मॅडम जरा वेळानं म्हणाल्या, "जीभ लाव त्याला."

"काय लावू?"

"जीभ गं. दगड असेल तर जीभ सुटेल. जुनं हाड असेल तर चिकटेल, बारीक छिद्रं असतात त्याला."

तिनं जीभ लावली. चिकटली. हिमानी उड्या मारायला लागली, "मला बी! मम्मी, मला बी चाटू दे!" मग हिमानीचीही चिकटली, आणि जीभ बाहेर काढलेली ती पोर डोळे मोठे करून आईकडे बघत राहिली. त्या दिवशी किती तरी महिन्यांनी पूर्णिमा मोठ्यानं हसली, आणि ओट्यावरून आशाबाईंनी विचारलं, "काय झालं वं?"

मॅडमनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. पाणी लावायचं नाही. आतली माती फुगते आणि हाड आतूनच फुटतं. सावलीत वाळव. भेग दिसली की सुताराचा पांढरा गोंद पातळ करून थेंबाथेंबानं पाज. पण लक्षात ठेव, तो गोंदही पाण्यात राहिला तर सुटतो. "तापी-पूर्णेच्या मातीत अशी जुनी हाडं निघतात. हत्तीची, रानबैलांची. तुझं कशाचं ते मी बघितल्याशिवाय नाही सांगणार. येईन मी. तोवर पाणी नाही."

थेंब पाजायला तिच्याकडे ड्रॉपर होता. व्हिटॅमिनच्या बाटलीसोबत आलेला. तोही नवाच.

पहिल्याच आठवड्यात मणक्याच्या एका टोकाची चकती सुटून हातात आली. भाकरीच्या पापुद्र्यासारखी पातळ. आपल्या हातून मोडलं असं वाटून पूर्णिमाला रडूच फुटलं. मॅडम म्हणाल्या, "मोडलं नाही गं. जनावर लहान असताना मणक्याच्या टोकाची चकती सुटीच असते. वय झालं की जोडली जाते. तुझी जोडलेलीच नव्हती. पिल्लू होतं ते."

दुसऱ्या दिवशी हिमानीला आंघोळ घालताना पूर्णिमाचा साबणाचा हात तिच्या पाठीवरून खाली जाता जाता थांबला. मानेपासून कमरेपर्यंत एकेक मणका बोटाला लागत होता. मधला खुंट, बाजूचे पंख आत कुठेतरी. तेच सगळं, लहान. "मम्मी, गुदगुल्या!" पोर ओरडली. पूर्णिमानं तिच्या पाठीवर तांब्या ओतला. तिच्या लक्षात आलं, त्या पिल्लालाही आई असणार. नाल्याच्या काठी तीही हिंडली असेल. कोणी सांगितलं नसेल तिलाही.

ती चकती तिनं काजळाच्या रिकाम्या डबीत कापसावर ठेवली.

* * *

मॅडमचा गुरुवार ठरला. त्याच्या आधीच्या गुरुवारी लीला क्रेट शोधत मागच्या खोलीत शिरली आणि तिची किंकाळी पार बागेपर्यंत गेली.

"माय वं! हाड! दुपट्यात हाड गुंडाळून ठेवलं हिनं! करणी करून राहिली ही आपल्या घरावर!"

आशाबाई दाराशी आल्या, पण उंबरठा ओलांडला नाही. "घरात हाड, पूर्णिमा? देवघराच्या मागच्या भिंतीला?"

"आई, दगड झालेलं आहे ते. लाखो वर्षांपूर्वीचं. कॉलेजच्या मॅडम बघायला येणार आहेत."

"लाखो वर्षांचं हाड, म्हणजे लाखो वर्षांचा विटाळ," लीला म्हणाली.

संध्याकाळी नाना आले. पूर्णिमाला वाटलं, आता हे उकिरड्यावर जाणार. पण नानांनी मणका उचलला, उलटा केला, भिंतीवरच्या बल्बखाली धरला आणि बघतच राहिले.

"नीलेश, इकडं ये. हे बघ. ही शिंगं. तुटलेली आहेत, पण शिंगं. हे कपाळ. हे नाक. अरे, नंदी आहे हा! साक्षात नंदी!"

"नाना, खालून हात द्या त्याला," पूर्णिमा म्हणाली. "मणका आहे तो. हत्तीच्या नाहीतर रानबैलाच्या पिल्लाचा."

"बैलाचा म्हणतेस ना? मग नंदी काय उंटाचा असते?"

लीला खदखदून हसली. नीलेशही हसला, मग पूर्णिमाकडे बघून गप्प झाला.

"कुठं सापडला?"

"नाल्यात."

"नाल्यात तू काय करत होतीस?"

आशाबाईंनी पदर सारखा केला. नानांना मात्र प्रश्नात काही वावगं वाटलं नाही, ते मणका फिरवून फिरवून बघत होते. "आपल्याच शेताचा नाला तो. म्हणजे माझ्या शेतात प्रकट झाला. तो बी चेंबरच्या टायमाला. याला म्हणतात योग."

इच्छापूर रोडवर नाना केळी पिकवायचं चेंबर बांधत होते. भागीदार शनवाऱ्याचे गोटूशेठ. गोटूशेठ देवभोळे, पंचांग बघितल्याशिवाय जांभई न देणारे. सोमवारी उद्घाटन होतं आणि चेंबरच्या दारात एक देवळी बांधून तयार होती. आत कोणाला बसवायचं तेवढंच ठरायचं होतं. ते आता ठरलं.

"नाना, मॅडम गुरुवारी येतायत. माझ्या नावानं म्युझियमला..."

"तुझ्या नावानं?" नाना हसले. "शेत माझं, नाला माझा, आणि नंदी तुझ्या नावानं? येऊ दे तुझ्या मॅडमला. दर्शन घेईल, प्रसाद देऊ."

दुसऱ्या दिवशी अनंत गुरुजींना बोलावलं. आशाबाईंनी हाडाची शंका काढली. गुरुजींनी मणका बघितला, नखानं वाजवला. "दगड झाला म्हणजे शिळा झाली, आजी. शाळिग्राम आपण पूजतो, तो बी कधीकाळचा शंखच की. बसवायला हरकत नाही. फक्त विधी पूर्ण करा. रविवारी दिवेलागणीला जलाधिवास. तापीचं पाणी आणा, मूर्ती रात्रभर पाण्यात बुडलेली राहिली पाहिजे. सकाळी वर काढायची, प्राणप्रतिष्ठा करायची."

पूर्णिमा कपात चहा गाळत होती. गाळणीतून चहाची धार एकसारखी पडत राहिली. पाचही कप भरले. एकही थेंब बशीत सांडला नाही.

रात्रभर पाण्यात.

तिनं सगळ्यांना चहा दिला. नानांच्या कपात आज साखर बरोबर घातली.

नीलेशला तिनं सकाळी सांगितलं, तो आरशासमोर भांग पाडत होता तेव्हा. "पाण्यात ठेवला तर तो राहणार नाही. गाळ होईल."

कंगवा थांबला. "मग नानाला सांग ना."

"तू सांग."

"मी?" नीलेशनं आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. "मी सांगून काय उपयोग? नानासमोर माझं काय चालते, तुला मालूम आहे." आणि तो कंगवा ठेवून चप्पल घालायला बाहेर गेला.

शनिवारी मॅडमचा फोन आला. गुरुवारचं पक्कं आहे, सोबत म्युझियमचे एक जण असतील, पाणी लावलं नाहीस ना? पूर्णिमा म्हणाली, "नाही मॅडम." तेव्हा ते खरं होतं. "आजच या" असं म्हणाली असती तर त्या आल्या असत्या. ती तेवढं म्हणाली नाही. फोन ठेवल्यावर मागच्या खोलीत गेली आणि ब्रशनं मणका सगळीकडून झटकला. शेवटचा खडा भोकाच्या काठावर उरला होता. तो आपण होऊन सुटेपर्यंत ती दाभण फिरवत बसली. इतका स्वच्छ तो कधीच दिसला नव्हता. बाजूच्या पंखावर बारीक रेघा होत्या, केळीच्या कोवळ्या पानावर असतात तशा. हा वाचावा असं तिला अगदी आतून वाटलं. आणि नाना बुडावेत, हेही तितकंच.

रविवारी दुपारी नाना एकटेच ओट्यावर बसून नवीन सदऱ्याची घडी मोडत होते. पूर्णिमा त्याच खांबाजवळ जाऊन उभी राहिली.

"नाना, एक विचारू?"

"आता काय?"

"मागच्या कटाईला, पिकअप भरत होती तेव्हा... मी इथं उभी राहून तुम्हाला सांगितलं होतं. आठवतं?"

तिनं मनात ठरवलं होतं. हो म्हणाले, नुसती मान हलवली, तरी सांगून टाकायचं. पाणी लावू नका म्हणायचं, मणका वाचवायचा, त्यांची इज्जतही वाचवायची. तिनं वाट पाहिली. नानांनी तिच्याकडे पाहिलं. ते पाहणं तिला ओळखीचं होतं, घड चढत असताना पाहिलं होतं तसंच, नीट आणि रिकामं.

"काय सांगितलं होतं? मला नाही आठवत. अगं, हे बटण बघ, सैल वाटून राहिलं. घट्ट करून दे."

पूर्णिमानं सदरा घेतला. बटण घट्ट शिवलं. दोरा दातानं तोडला.

दिवेलागणीला अंगणात तांब्याचं घंगाळ ठेवलं. राजघाटावरून आणलेलं तापीचं पाणी त्यात काठोकाठ भरलं. गुरुजी मंत्र म्हणत होते. नानांनी मणका उचलायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

"पूर्णिमा, तूच ठेव. तुझा हात हलका आहे. माझ्याकडून पडला-झडला तर पंचाईत."

तिनं दोन्ही तळहात खाली दिले, मानेखाली आधार द्यावा तसे, आणि त्याला दुपट्यातून उचललं. पाण्याजवळ नेलं. पाण्याचा गारवा मनगटाला लागला तेव्हा हिमानी तिचा पदर ओढत होती.

"मम्मी! मम्मी, पाणी—"

पूर्णिमानं मणका पाण्यात सोडला. त्याच्या सगळ्या अंगातून बारीक बुडबुडे निघाले, माळेसारखे, एकामागून एक. लीलानं हात जोडले. "श्वास घेऊन राहिला नंदीबाबा!"

"ती पोर काय म्हणते?" नानांनी विचारलं.

पूर्णिमानं ओला हात हिमानीच्या तोंडावर ठेवला होता. "पाणी मागतेय. तहान लागली तिला."

ती हिमानीला माठाकडे घेऊन गेली आणि पेला भरून तिच्या ओठाला लावला. तहान नसलेली ती पोर आईच्या डोळ्यांत बघत पूर्ण पेला प्यायली.

सकाळी घंगाळावर पिवळं कापड बांधून ते न्यायला पिकअप आली. तीच पिकअप. आज रिकामी होती, धुतलेली होती, आणि घंगाळाला धक्का लागू नये म्हणून तिच्यात गादी अंथरली होती. पूर्णिमा ती गादी बघत उभी राहिली. तिच्या मनात काही चलबिचल उरली असेल तर ती तिथे संपली.

चेंबरसमोर मंडप होता. मंडीतले व्यापारी, भावकी, गोटूशेठ आणि त्यांच्या घरचे, सगळे डोक्यावर रुमाल टाकून बसले होते. अनंत गुरुजींनी मंत्र म्हणत कापड सोडलं. पाणी दिसलं. ते ताकासारखं पांढुरकं झालं होतं आणि वर गोंदाचे तंतू तरंगत होते, दुधावरच्या सायीसारखे. गुरुजींनी हात आत घातला. मनगटापर्यंत गेला. कोपरापर्यंत गेला. ते इकडे चाचपले, तिकडे चाचपले. मंत्र थांबला.

"नाना," ते हळूच म्हणाले, "मूर्ती ठेवली होती ना?"

नानांनी स्वतः बाह्या न सरसावता दोन्ही हात बुडवले. वर आले तेव्हा ओंजळीत पिवळा गाळ होता. बोटांतून तो त्यांच्या नव्या सदऱ्यावर टपटपला. घट्ट शिवलेल्या बटणावर, खाली पँटवर.

मागून कोणीतरी पुटपुटलं, "स्थापनेच्या आधीच विसर्जन." कोणीतरी नाकातून हसलं. मग एकदम कोणीच हसेना, कारण गोटूशेठ उठले होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "देव विरघळला, नंदकुमार. ज्या जागेवर देव टिकत नाही, तिथं माझं केळं टिकेल का?" त्यांनी घरच्यांना खूण केली आणि ते चपला शोधू लागले. बाकीचेही एकेक उठू लागले. प्रसादाचा शिरा झाकलेलाच राहिला.

नाना वळले. गर्दीत त्यांनी पूर्णिमाला शोधून काढलं. "तुला मालूम होतं! तूच त्याच्यासोबत बसत होती दिवसभर. पाण्यात विरघळते ते तुला मालूम होतं, बोल!"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. नीलेशही. त्याला तर तिनं सांगितलं होतं. त्यानं तोंड उघडलं, आणि मिटलं, आणि खाली बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं गप्प राहणं तिच्या बाजूनं होतं.

पूर्णिमानं डोक्यावरचा पदर नीट केला.

"मला काय मालूम?" ती म्हणाली. "मला कोणी सांगितलंच नाही."

ती मोठ्यानं बोलली नव्हती. पण नाना थांबले. कपाळावर आठी आली, गेली, पुन्हा आली. हे वाक्य कुठंतरी ऐकलंय, असं माणूस आठवतो तसं ते आठवू लागले, आणि मग त्यांना आठवलं. ते तिला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. गाळानं भरलेले हात तसेच पुढे धरून ते उभे राहिले, कुठे पुसावेत हे न कळल्यासारखे. बायकांमध्ये बसलेल्या आशाबाईंनी मान वर केली, पूर्णिमाकडे पाहिलं आणि पाहत राहिल्या.

दुपारी पूर्णिमानं घंगाळातलं पाणी मलमलच्या दुपट्यातून गाळलं. मूठभर चुरा उरला. त्यातला मोठ्यात मोठा तुकडा हरभऱ्याएवढा होता. नाना खोलीचं दार लावून बसले होते, लीला रडत होती. जिंकल्यावर काय करायचं असतं ते पूर्णिमाला माहीत नव्हतं. ती चुऱ्यावरून ब्रश फिरवत बसली.

आशाबाई आल्या. आज त्यांनी उंबरठा ओलांडला. वर बांधलेल्या पाळण्याकडे बघितलं, खाली दुपट्याकडे बघितलं. त्या काहीतरी बोलणार आहेत हे पूर्णिमाला कळलं, आणि आपण कोणती शिवी ऐकून घेऊ नि कोणती नाही, हे ती ठरवू लागली.

"नाल्यापलीकडं बोरी आहे बघ, वाकडी," आशाबाई म्हणाल्या. "तिच्या खाली." आणि त्या निघून गेल्या.

उन्हं उतरल्यावर पूर्णिमा दुपट्याची पुरचुंडी घेऊन निघाली. हिमानी मागे मागे आली. बोरी खरंच वाकडी होती. तिच्या खालून ती कितीदा तरी गेली होती. एकदा तर पदराला काटा लागला म्हणून थांबलीही होती. तिनं हातानं माती उकरली, पुरचुंडी ठेवली, माती लोटली. वरून थापटली, अगदी हळू, झोपवताना थापटतात तशी.

काजळाची डबी तेवढी तिनं पुरली नाही. ती उघडून बघितली. कापसावर चकती होती तशी होती, कोरडी, अखंड. गुरुवारी मॅडमच्या हातावर ठेवायला एवढंच. तिनं डबी मिटली आणि मुठीत घट्ट धरली.

हिमानी उकिडवी बसून मातीवर बोटानं रेघा ओढत होती. तिनं मान वर केली नाही.

"मम्मी," ती म्हणाली, "बडे पप्पांना नव्हतं मालूम. पण आपल्याला तर मालूम होतं ना?"